हॅरोचे पटेल, ब्लॅकबर्नचे पटेल

ब्रिटनमधल्या आडनावांची गणती कोणत्याही पद्धतीने करा. स्मिथ, जोन्स, टेलर, ब्राउन या जुन्या मानकऱ्यांच्या मागोमाग पहिल्या पन्नासांत पटेल हे आडनाव येतेच. गणती लंडनपुरती ठेवली तर ते पहिल्या दहांत जाऊन बसते. १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेत मात्र ते शोधूनही सापडणे कठीण. एखादे परके आडनाव इतक्या थोड्या काळात इतके वर चढले की त्याचे एक सोपे स्पष्टीकरण तयार होते आणि सगळ्यांच्या तोंडी बसते. पटेल म्हणजे गुजरातचे हिंदू पाटीदार शेतकरी. रेल्वे बांधायला ते पूर्व आफ्रिकेत गेले, युगांडाच्या इदी अमीनने हाकलले म्हणून ब्रिटनला आले आणि तिथे त्यांनी नाक्यानाक्यावर दुकाने थाटली, असे ते स्पष्टीकरण. त्यातल्या बहुतेक विधानांत थोडेथोडे तथ्य आहे, म्हणूनच ते टिकून आहे. या प्रकरणात मांडायचे ते असे, की पटेल हे आडनाव माणसाचा वंश, जात किंवा धर्म खात्रीने सांगू शकत नाही. त्याच्या पूर्वजांच्या नावाची नोंद कोणत्या कचेरीत कशी झाली आणि ते कोणत्या वाटेने ब्रिटनला पोचले, हे मात्र ते बरेच सांगते. तेही त्या माणसाचे शहर आणि मूळ गाव शेजारी ठेवून वाचले तरच.

सुरुवात मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. पटेल आणि पाटील ही एकाच शब्दाची दोन रूपे. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत, म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकांत, दान दिलेल्या गावातल्या ज्या लोकांना उद्देशून राजाज्ञा असते त्यांत ‘पट्टकिल’ येतो. हा गावचा प्रमुख. वसुलाची जबाबदारी त्याच्यावर, गावाच्या वतीने सरकारशी बोलणेही त्याचेच. म्हणजे मुळात हे एक पद आहे, आणि पद त्या त्या गावात ज्याची जमीन आणि वजन जास्त त्याच्याकडे जाते. महाराष्ट्रात पाटिलकी मराठ्यांकडे होती तशी लिंगायतांकडे, जैनांकडे, मुसलमानांकडेही होती. रायगड-ठाण्याच्या किनारपट्टीवर आगरी आणि कोळी समाजात पाटील आहेत, खानदेशात लेवा पाटील आहेत. त्यामुळे नुसते ‘पाटील’ ऐकून कोणी जाणता मराठी माणूस जातीचा निष्कर्ष काढत नाही. तो आधी ‘कुठले पाटील?’ असे विचारतो. गुजरातच्या पटेलांबाबत हाच प्रश्न विचारायचे आपण विसरतो, आणि ब्रिटनमध्ये तर तो विचारायचा असतो हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

गुजरातमध्ये हे पद आडनाव कसे झाले, हे समजायला चरोतरकडे पाहावे लागते. खेडा आणि आणंद जिल्ह्यांतला हा सुपीक पट्टा, तंबाखूसाठी प्रसिद्ध. इथला प्रमुख शेतकरी समाज एकोणिसाव्या शतकातल्या कागदपत्रांत ‘कणबी’ म्हणून येतो. आपल्याकडच्या कुणबी शब्दाचाच हा भाऊबंद. या भागातल्या अनेक गावांत ‘नरवा’ पद्धत होती. सारा भरण्याची जबाबदारी गावातल्या मुख्य घराण्यांनी मिळून घ्यायची आणि जमिनीच्या ‘पाटी’, म्हणजे वाटण्या, आपसांत करायच्या. अशी पाटी ज्याच्याकडे तो पाटीदार. वसुलाच्या जबाबदारीत वाटा असल्याने या घराण्यांतला प्रत्येक जण स्वतःला पटेल म्हणवू लागला. एरवी गावाला एक पाटील असतो. इथे गावातल्या प्रतिष्ठित घरांतले सगळेच पटेल झाले. पुढे पैसा, शिक्षण आणि सोयरिकी यांच्या जोरावर कणबी हे नाव मागे पडून पाटीदार हे नाव पुढे आले आणि १९३१ च्या जनगणनेपर्यंत त्याला सरकारी मान्यताही मिळाली. डेव्हिड पोकॉक या मानववंशशास्त्रज्ञाचा चरोतरवरचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या नावातच कणबी आणि पाटीदार ही जोडी आहे. पाटीदार ही प्रतिष्ठा टप्प्याटप्प्याने मिळवली गेली, आणि पटेल हे आडनाव त्या चढणीवर मिळालेल्या मानाची खूण आहे.

पाटीदार समाज आणि पटेल आडनाव ही वर्तुळे एकमेकांवर नेमकी बसत नाहीत, हा या प्रकरणातला मुख्य पुरावा. दोन्ही बाजूंनी ती सरकलेली आहेत. पाटीदारांतच वरच्या अधिकाराची घराणी अमीन किंवा देसाई म्हणवतात. १९७६ ते १९७८ या काळात लंडनच्या ग्रनविक फोटो कारखान्यातला गाजलेला संप ज्यांनी चालवला त्या जयाबेन देसाई चरोतरमधल्या धर्मजच्या. कच्छमधल्या भुजच्या आसपासच्या गावांतले लेवा पटेल केनियामार्गे ब्रिटनला आले आणि आज हॅरो, केंटन या भागांत मोठ्या संख्येने आहेत; पण त्यांच्या कागदांवर हिराणी, हलाई, वेकरिया, भुडिया, पिंडोरिया, वरसाणी अशी कुळांची नावे लागली. समाजाचे नाव पटेल असूनही पटेल आडनावाच्या मोजणीत ते येत नाहीत. उलट बाजूला सुरत-नवसारीकडच्या कोळी समाजातले हजारो लोक पटेल आडनाव लावतात. ब्रिटनमध्ये मांधाता समाज या नावाने त्यांच्या संस्था आहेत. भरूच आणि सुरत जिल्ह्यांतले सुन्नी वोरा शेतकरी मुसलमान आहेत आणि त्यांच्यातही पटेल भरपूर. पारशांतही पटेल आहेत. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला यासाठी लांब जायला नको. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला मुनाफ पटेल भरूच जिल्ह्यातल्या इखरचा मुसलमान. यष्टिरक्षक पार्थिव पटेल अहमदाबादचा हिंदू. दोघेही गुजराती, दोघेही पटेल, आणि दोघांच्या घराण्यांत शोधूनही नाते निघायचे नाही.

मग इतक्या वेगवेगळ्या लोकांच्या नावापुढे एकच शब्द कायमचा चिकटला कसा? याचे उत्तर बऱ्याच अंशी कागदात आहे. गावात माणूस स्वतःच्या आणि बापाच्या नावाने ओळखला जाई. शेवटी लागणारे पटेल हे मानाचे संबोधन होते, गरज पडली तर लावायचे. बोटीचे तिकीट, पारपत्र, नोकरीचा अर्ज, शाळेचा दाखला यांना मात्र आडनावाचा रकाना भरलेला हवा असतो. या रकान्यात काय लिहिले जाई आणि त्यातून काय घोटाळे होत, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण करमसदच्या दोन भावांचे आहे. वल्लभभाईंनी विलायतेला जाण्यासाठी जमवलेली कागदपत्रे आली ती ‘व्ही. जे. पटेल’ या नावाने. थोरल्या विठ्ठलभाईंची आद्याक्षरेही तीच. थोरल्याचा मान म्हणून १९०५ मध्ये त्याच कागदांवर विठ्ठलभाई इंग्लंडला गेले आणि वल्लभभाईंना १९१० पर्यंत थांबावे लागले. दोघेही बॅरिस्टर होऊन परतले, म्हणून ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. आडनावांच्या अभ्यासकाला तिच्यात वेगळे काही दिसते. गावात ज्यांची ओळख कधीच चुकली नसती अशी दोन माणसे परदेशी कागदावर एक होऊन जातात, कारण कागदाने त्यांच्या नावातला सर्वांत कमी वेगळा भाग पुढे आणलेला असतो. हेच पुढे मोठ्या प्रमाणावर झाले. जो कुळाचे नाव सांगेल त्याच्या वंशजांना ते लागले, जो पटेल सांगेल त्याच्या वंशजांना पटेल.

आता वाटांकडे. पूर्व आफ्रिकेतले पटेल हे रेल्वे बांधणाऱ्या मजुरांचे वंशज, ही समजूत कागदोपत्री टिकत नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून निघालेल्या युगांडा रेल्वेसाठी सुमारे ३२,००० करारबद्ध मजूर नेले गेले, ते प्रामुख्याने पंजाबातून. त्यांतले जवळपास ६,७०० तिथे राहिले. चरोतरचे तरुण गेले ते बहुतांशी स्वतःच्या खर्चाने, आणि कारकून, स्टेशनमास्तर, दुकानातले नोकर, मग दुकानदार म्हणून. त्यांना घराबाहेर ढकलणारी कारणे होती: तुकडे पडत गेलेली जमीन, १८९९-१९०० चा ‘छप्पनियो’ दुष्काळ आणि वरच्या गावांत मुलगी द्यायची तर लागणारा हुंडा. परदेशी नोकरी जमवणारेही काही होते, ते म्हणजे लिहिता-वाचता येणे. इथे मराठ्यांच्या इतिहासाचा एक खरा धागा आहे. चरोतरमधली वसो, सोजित्रा, भादरण, धर्मज ही गावे बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होती आणि सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. हिशेब ठेवू शकणारा शेतकऱ्याचा मुलगा ही आफ्रिकेतल्या कचेऱ्यांची आणि पेढ्यांची गरज होती. या पट्ट्यात ती पुरी होऊ शकत होती.

या मंडळींचे आफ्रिकेतून ब्रिटनला येणेही एका दिवसात झालेले नाही. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला; पुढे नागरिकत्व नसलेल्यांच्या व्यापारावर आणि नोकऱ्यांवर बंधने येऊ लागली तशी ब्रिटिश पारपत्र असलेली कुटुंबे निघाली. ती फार येतील या भीतीने ब्रिटनने १९६८ चा स्थलांतर कायदा काही दिवसांत संमत केला आणि वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांचा कोटा ठरवला. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा युगांडातून सुमारे २८,००० लोक ब्रिटनला पोचले. लेस्टरच्या नगरपालिकेने तर कंपालाच्या वर्तमानपत्रात ‘आमच्याकडे येऊ नका’ अशी जाहिरात दिली होती, आणि सरकारी पुनर्वसन मंडळाने आधीच दाटी असलेली शहरे ‘लाल’ ठरवून लोकांना इतरत्र पाठवायचा खटाटोप केला. लोक मात्र नातेवाईक होते तिथेच गेले. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमधल्या ३४.३ टक्के लोकांनी स्वतःला भारतीय वंशाचे म्हटले आहे. लंडनमधल्या हॅरोत हिंदूंचे प्रमाण २५.८ टक्के आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून ते १.७ टक्के. वेम्ब्ली, हॅरो आणि लेस्टरचा बेलग्रेव्ह भाग ही या वाटेची मुक्कामाची ठिकाणे. १९६८ पूर्वीच निघून आलेले पटेलही पुष्कळ होते. तेव्हा सगळे खापर किंवा श्रेय अमीनवर टाकून चालत नाही.

दुसरी वाट आफ्रिकेला वळसा न घालता थेट गेली. १९५०-६० च्या दशकांत लँकेशर आणि यॉर्कशरच्या कापड गिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसे मिळेनाशी झाली होती. भरूच आणि सुरत जिल्ह्यांतल्या खेड्यांतून वोरा समाजाचे तरुण ब्लॅकबर्न, बोल्टन, प्रेस्टन, बॅटली, ड्यूझबरी इथे जाऊ लागले; एकाने दुसऱ्याला बोलवायचे, राहायची आणि गिरणीत चिकटवायची सोय करायची, अशी ही साखळी. १९६२ च्या स्थलांतर कायद्याने दार अर्धे लागण्याआधी ही गावे तिथे रुजली होती. म्हणून ब्लॅकबर्नमध्ये भेटणारा पटेल हा हॅरोतल्या पटेलपेक्षा वेगळा असण्याची शक्यता मोठी: तो बहुधा मुसलमान, त्याच्या आजोबांनी आफ्रिका पाहिलेली नाही, आणि घरातला पहिला पगार दुकानाचा नसून गिरणीचा. एकाच शहरातही हा फरक दिसतो. लेस्टरचा बेलग्रेव्ह गुजराती हिंदूंचा, तर हायफील्ड्समध्ये गुजराती मुसलमानांची वस्ती मोठी. ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तर हा सगळा इतिहास तीन पदव्यांत नोंदवला आहे. टांझानियातल्या लिंडी इथे जन्मलेले प्रसूतितज्ज्ञ नरेंद्र पटेल १९९९ मध्ये लॉर्ड पटेल झाले; भरूचमध्ये जन्मलेले आदम पटेल २००० मध्ये ब्लॅकबर्नचे लॉर्ड पटेल; नैरोबीत जन्मलेले कमलेश पटेल २००६ मध्ये ब्रॅडफर्डचे लॉर्ड पटेल. तिघांना वेगळे ओळखायला सभागृहाला शेवटी गावाचे नावच जोडावे लागले.

आडनावाची ब्रिटनमधली संख्या वाटेवर अवलंबून असते, मूळ देशातल्या संख्येवर नव्हे, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मात्र पटेलांत नाही. तो पाटलांत आहे. महाराष्ट्रात पाटील हे आडनाव गावोगाव आहे. शब्दाचे मूळ तेच, पदही तेच. तरी ब्रिटनच्या यादीत पाटील कुठे वर दिसत नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्येच स्थापन झाले, म्हणजे मराठी माणसे तिथे उशिरा पोचली असेही म्हणता येत नाही. पण मराठी लोक गेले ते विद्यार्थी, डॉक्टर, पुढे अभियंते आणि संगणक क्षेत्रातले लोक म्हणून, एकेकटे किंवा एकेक कुटुंब. एका तालुक्यातली गावेच्या गावे एका गिरणीगावाशी किंवा आफ्रिकेतल्या एका बाजारपेठेशी जोडली गेली, असे आपल्याकडे झाले नाही. सांगली-कोल्हापूरचा पाटील गिरणीत गेला तो मुंबईच्या. गुजरातचा पटेल गेला बोल्टनच्या. आडनावाची बीजे दोन्हीकडे सारखी होती. फरक पडला तो पुढे मिळालेल्या साखळीमुळे.

यावर पहिला आक्षेप असा: अपवाद असले तरी ब्रिटनमधले बहुसंख्य पटेल हिंदू गुजरातीच असणार, मग ढोबळ अंदाज बांधायला काय हरकत? देशभराच्या सरासरीपुरती हरकत नाही. पण इथली चूक सगळीकडे सारखी पसरलेली नाही, ती काही ठिकाणी साठलेली आहे. वेम्ब्लीत जो अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो तोच ब्लॅकबर्नमध्ये बहुतेक वेळा चुकतो. नावांवरून दक्षिण आशियाई लोक ओळखणाऱ्या संगणकीय पद्धती ब्रिटनमध्ये आरोग्यविषयक अभ्यासांसाठी वापरल्या गेल्या आहेत; ब्रॅडफर्डमध्ये तयार झालेली ‘नाम पेहचान’ त्यांतली एक. भारतीय वंश ओळखायला पटेल हे आडनाव उत्तम काम देते. त्याच्या जोरावर धर्म, आहार किंवा रक्तनात्यातली लग्ने यांबद्दल काही ठरवायला गेले की घोळ सुरू होतो, आणि अशा वेळी पहिले नाव तरी शेजारी ठेवावेच लागते. शाह या आडनावाचेही असेच आहे: उत्तर लंडनमध्ये ते बरेचदा केनियामार्गे आलेल्या गुजराती जैनांचे, तर ब्रॅडफर्डमध्ये बरेचदा पाकिस्तानी सय्यदांचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगाव होते, तेव्हा सगळे स्मिथही एका घराण्याचे नाहीत. मग पटेलमध्ये विशेष ते काय? हे खरे आहे, आणि विज्ञानानेही त्याला दुजोरा दिला आहे. लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटिश आडनावे आणि बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र यांचा संबंध तपासला. दुर्मीळ आडनावांचे पुरुष पुष्कळदा एका पूर्वजाचे निघाले. स्मिथसारख्या आडनावात तसा धागा मिळाला नाही. पदावरून आलेल्या पटेलकडूनही याहून वेगळी अपेक्षा ठेवायला आधार नाही. फरक आहे तो दोन बाबींत. स्मिथ ऐकून आज कोणी धर्माचा किंवा जातीचा निष्कर्ष काढत नाही. पटेल ऐकून काढला जातो. आणि स्मिथ कुटुंबे मूळ लोहारशाळा केव्हाच विसरली, पटेल कुटुंबांना मूळ गाव अजून पाठ आहे.

तिसरा आक्षेप लग्नांच्या नोंदींवरून येतो. इंग्लंडमधल्या जन्मनोंदींच्या सूचीत १९११ पासून आईचे माहेरचे आडनावही छापले जाते, आणि पटेल बाळांच्या नोंदीत ते पुष्कळदा पटेलच असते. आडनाव एकच म्हणजे जवळचे नाते, असे धरणारी एक जुनी संख्याशास्त्रीय पद्धत आहे; चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने १८७५ मध्ये तिच्या आधारे इंग्लंडमधल्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नांचा अंदाज बांधला होता. ती इथे लावली तर निष्कर्ष साफ चुकेल. चरोतरच्या पाटीदारांत सोयरीक जुळवताना आडनावाला अर्थ नसतो, अर्थ असतो गावाला. स्वतःच्या गावात लग्न करायचे नाही आणि आपल्या ‘गोळा’च्या, म्हणजे ठरलेल्या गावांच्या वर्तुळाच्या, बाहेरही शक्यतो जायचे नाही. करमसद, नडियाद, वसो, धर्मज, सोजित्रा, भादरण या सहा गावांचा गोळ यात सर्वांत मानाचा. आपल्याकडे कूळ आणि देवक जे काम करतात ते तिथे गाव करते. लंडनमध्येही गावांच्या नावाने समाज-संस्था चालतात, त्या याच कारणाने: आडनावाने जे सांगायचे सोडून दिले ते गावाचे नाव सांगते.

दुकानांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पटेल हे नाव ब्रिटनभर पसरले ते त्यांच्यामुळे. १९५० च्या दुकान कायद्याने रविवारच्या विक्रीवर बंधने होती आणि मोठ्या दुकानांना रविवारी मोकळेपणाने उघडता आले ते १९९४ च्या कायद्यानंतर. पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारे, रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे आणि घरच्याच माणसांवर चालणारे छोटे दुकान या फटीत जगले. वर्तमानपत्राचे दुकान, पोटपोस्ट ऑफिस किंवा औषधांचे दुकान एका गावात फार तर दोन-तीन चालतात. म्हणून नवे कुटुंब पुढच्या गावाला गेले. गिरणीने लोक एकत्र ठेवले, दुकानाने ते पांगवले. ब्रिटनच्या नकाशावर पटेल हे नाव काही शहरांत दाट आणि इतरत्र विरळ पण दूरवर दिसते, त्याचे कारण हे दोन धंदे आहेत. गुजरातमधली जातव्यवस्था तो नकाशा समजावून देऊ शकत नाही.

म्हणून पटेल या आडनावाची मोजणी वाचताना एक शिस्त पाळावी. संख्या पाहिली की शहर पाहावे, शहर पाहिले की तिथे नेणारी वाट पाहावी, आणि मूळ गाव कळल्याशिवाय जात-धर्माबद्दल बोलू नये. आडनाव हा इतिहासाचा चांगला साक्षीदार आहे. फक्त त्याला जे ठाऊक आहे तेवढेच त्याला विचारावे.